निफाडच्या मावशींनी निवडलेला अँप

सोल्डरिंगचा तो राळेसारखा वास आला, की मला निफाडला स्पीकर दुरुस्त करणाऱ्या मावशी आठवतात. मी घरी इलेक्ट्रॉनिक ड्रम आणला होता, पण आवाज फक्त माझ्या हेडफोनमध्ये. अंथरुणाला खिळलेले बाबा विचारायचे, "अगं, नुसत्या काठ्याच आपटतेस का?" म्हणून ड्रमचा आवाज खोलीत ऐकवणारा स्वस्तातला अँप, म्हणजे अँप्लिफायर शोधत, ड्रम गाडीत टाकून मी मावशींचं दुकान गाठलं. तिथला रंगीत दिव्यांचा नवा स्पीकर ड्रमला जोडून मी वाजवलं आणि दुकानाचे पत्रे थरथरले. मी लगेच खूश. मावशींनी मात्र आवाज पार खाली आणला. "घरात वाजवायचंय ना? मोठ्या आवाजात समदेच लय भारी वाटत्यात. हळू करून आयक." हळू केल्यावर पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा घुमाराच गेला. मग त्यांनी एका भजनी मंडळाने पखवाजासाठी वापरलेला, पोचे पडलेला जुना अँप जोडला आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. तेवढ्याशा आवाजातही ठोका थेट पोटात उतरला. नवा विकायचा सोडून त्यांनी मला तोच दिला. संध्याकाळी तो बाबांच्या खोलीच्या दाराशी ठेवून ड्रम वाजवला, तर चादरीवर त्यांची बोटं ठेका धरू लागली. आता ती खोली रिकामी आहे. पण मावशींनी ठेवला होता, त्याहून आवाज मी अजून वाढवलेला नाही.