दुसऱ्या मजल्यावरच्या सहाजणी

साडीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. गिऱ्हाईक चाळीस साड्या उघडायला लावतं, एक घेऊन जातं आणि उरलेल्या एकोणचाळीस गादीवर तशाच पडून राहतात. किश्श्यांचंही तसंच. लहरीपुऱ्यातल्या एका दुकानात मी चौदा वर्षं दुसऱ्या मजल्यावर होते. लग्नाच्या साड्यांचा मजला. आम्ही सहा बायका आणि आमच्यावर फ्लोअर मॅनेजर दिलीपभाई. घरी पाहुणे आले की म्हणतात, "मंगल, दुकानातलं काहीतरी सांग ना!" मग मी हसण्यासारखं तेवढं सांगते.

अकोट्याच्या एक बाई आल्या होत्या, मुलीच्या लग्नाची खरेदी. दोन तासांत ऐंशी साड्या बघितल्या. शेवटी म्हणाल्या, "ती अगदी पहिली दाखवली होती ना, तीच द्या." आम्ही सहाजणी ढिगात हात घालून शोधतोय, दिलीपभाई घामाघूम, साडी काही सापडेना. तेवढ्यात त्यांचे यजमान जागे झाले. ते मघापासून गादीवर आडवे झाले होते, पहिली साडी उशाला घेऊन!

हे असले किस्से सांगायला सोपे असतात. पण काही किस्से असेही आहेत की ते घडले तेव्हा आम्ही हसलो होतो, आणि आता सांगताना मला हसू येत नाही.

*

ज्योत्स्ना आमच्यात सगळ्यात नवी. फतेगंजला राहायची. नवऱ्याची प्लान्टमधली कंत्राटी नोकरी सुटलेली, घरी शाळेत जाणाऱ्या दोन मुली. आमच्या मजल्यावर बाकी सगळ्या गुजराती, मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून ती मला ताई म्हणायची. बाकी सगळ्यांसाठी मी मंगलबेन.

गिऱ्हाईक अडून बसलं की आमच्यापैकी एकीला मोठ्या आरशासमोर उभं करून तिच्या अंगावर साडी लावून दाखवायची, अशी आमच्याकडे पद्धत. ज्योत्स्ना रंगाने सावळी. तिच्या पहिल्याच आठवड्यात ती एक मोतिया रंगाची साडी खांद्यावर घ्यायला गेली, तर दिलीपभाई भर गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "अरे बेन, तू नको. तुझ्या अंगावर लावली तर साडी विकायची कशी, ड्रायक्लीनला द्यावी लागेल!"

आम्ही हसलो. गिऱ्हाईकही हसलं आणि साडी घेऊन गेलं. ज्योत्स्नाही हसली.

तीच हसली म्हटल्यावर आम्हाला वाटलं, चालतं तिला.

*

संध्याकाळी उघडलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, आणि जिने ज्या उघडल्या तिने त्या घालायच्या, हा नियम. आता, प्रत्येकीचा हात वेगळा असतो. चौदा वर्षांत मला न बघता, नुसतं चाचपून कळायचं की ही घडी हंसाबेनची, ही दुसऱ्या कुणाची. माझी खोड अशी की पदर आतल्या बाजूला वळवताना माझा एक काठ बोटभर बाहेर राहतो. किती सांभाळलं तरी राहतोच.

एकदा दिलीपभाईंनी ढिगातून एक साडी वर काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. काठ बाहेर आलेला. "ज्योत्स्नाबेन, ही घडी आहे की भाजीची पोटली?" असं म्हणून त्यांनी ती झटकून उघडली. मग तिच्या कप्प्यातल्या आणखी वीस साड्या एकेक करून उघडल्या आणि तिच्यापुढे टाकल्या. म्हणाले, पुन्हा घाल.

ती साडी माझी होती. मला कळलं. ज्योत्स्नालाही कळलं असणार, कारण तिने तो काठ बोटाने एकदा चाचपला. मग माझ्याकडे न बघता खाली बसली आणि घड्या घालायला लागली. मी पर्स घेतली आणि निघाले. रिक्षा चुकेल म्हणून.

*

जेवणाची सुट्टी दोन पाळ्यांत असायची, एक वाजता आणि दोन वाजता. दिलीपभाईंनी ज्योत्स्नासाठी तिसरी पाळी काढली, चार वाजता. एकटीची. कारण विचारलं तर म्हणाले, "ती हळू जेवते, तुमचा वेळ खाते."

पहिले दोन-तीन दिवस आम्ही तिच्यासाठी काही ना काही ठेवायचो. कुणी थेपला, कुणी शाक, मी एखादा लाडू. ते त्यांच्या कानावर गेलं. ओरडले नाहीत, ओरडायचा त्यांचा स्वभावच नव्हता. हसत हसत एवढंच म्हणाले, "जिला ज्योत्स्नाबेनची एवढी माया आहे, तिने उद्यापासून चारलाच जेवावं."

दुसऱ्या दिवशी कुणीच काही ठेवलं नाही. हंसाबेन आमच्यात सर्वांत मोठ्या, त्यांना साखरेचा त्रास, जेवणाची वेळ चुकून चालायची नाही. माझं काय कारण होतं, ते मला आजही आठवत नाही.

*

जिन्याच्या अर्ध्यावर आमचं स्टोअर होतं. दोन्हीकडे रॅक आणि मधे एक माणूस जाईल एवढीच वाट. दिलीपभाई ज्योत्स्नाला दिवसातून चारदा तिथून माल काढायला पाठवायचे. ती आत गेली की स्वतः जाऊन वाटेत उभे राहायचे. हात लावला नाही कधी, असं तीच म्हणाली. नुसते उभे राहायचे, म्हणजे बाहेर पडताना तिला त्यांच्या अंगाला घासूनच यावं लागायचं. "जा ना," म्हणायचे, "मी कुठे अडवलंय?"

तिने मला हळूच विचारलं, "ताई, मला पाठवलं की तुम्ही पण याल का बरोबर?"

पहिल्यांदा मी गेले. दिलीपभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "मंगलबेन, तुम्हाला मी बोलावलं होतं?"

दुसऱ्यांदा तिने वळून माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी म्हटलं, "तू हो पुढे, मला गिऱ्हाईक आहे."

गादीवर कुणीही नव्हतं.

*

मधे एकदा शेठच्या सूनबाईंनी बाहेरून एक मॅडम बोलावल्या. कामाच्या जागी होणारा त्रास कसा ओळखायचा, यावर त्या बोलणार होत्या. दुकान उघडायच्या आधी आम्हाला सगळ्यांना गादीवर बसवलं. गिऱ्हाइकाच्या जागी बसायची आमची पहिलीच वेळ, त्यामुळे आम्ही अवघडून कडेकडेला टेकलो होतो.

मॅडम फार छान बोलल्या. म्हणाल्या, एकदाच झालं तर चूक असू शकते, पण एकाच माणसाला रोज निवडून केलं जातं तेव्हा ती मस्करी नसते. समोरचा हसतोय म्हणजे त्याला चालतंय असं नाही. जे होतं ते तारीख घालून लिहून ठेवा, आणि जिने बघितलं तिने गप्प राहू नका. मी खाली बघत होते. माझ्या बाजूच्या सगळ्याच खाली बघत होत्या.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आहे? मोकळेपणाने हात वर करा."

दिलीपभाई मागे भिंतीला टेकून उभे होते. आणि हंसाबेनचा हात वर गेला! ज्योत्स्नाने एकदम मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो.

हंसाबेन म्हणाल्या, "मॅडम, चहा ठंडा होतोय. वाटू का?"

जाताना मॅडमनी तक्रार समितीच्या नावांचा कागद भिंतीवर लावला. तिसरं नाव दिलीपभाईंचं होतं.

*

ज्योत्स्नाने मात्र त्या दिवसापासून खरंच लिहायला घेतलं. मुलीच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर, तारीख घालून. चार महिन्यांनी ती वही तिने थेट शेठना नेऊन दिली.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी वही वाचली, आणि आम्हा पाचजणींना एकेक करून आत बोलावलं.

अकोट्याच्या घरून येताना रिक्षात मी वाक्यं पाठ केली होती. घडीचं सांगायचं, चारच्या जेवणाचं सांगायचं, स्टोअरचं तर नक्कीच सांगायचं. आत गेले तर शेठ म्हणाले, "बसा, मंगलबेन." चौदा वर्षांत त्यांच्यासमोर खुर्चीवर कधी बसले नव्हते.

ते म्हणाले, "ज्योत्स्नाबेनने लिहिलंय ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय का, एवढंच मला सांगा." आणि मग पेन उघडता उघडता सहज बोलल्यासारखं म्हणाले, "दिलीप पंचवीस वर्षं आहे माझ्याकडे."

मी म्हटलं, "मस्करी तर सगळीकडेच चालते, शेठ."

"बस?"

"बस."

बाहेर आले तेव्हा हंसाबेन दाराशी आपल्या पाळीची वाट बघत होत्या. त्यांनी नजरेनेच विचारलं. मी म्हटलं, "खरं काय ते सांगितलं." दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "में पण," मीसुद्धा. पाचहीजणी बाहेर येऊन हेच म्हणाल्या.

*

दोन दिवसांनी शेठनी ज्योत्स्नाला बोलावून सांगितलं, की चौघी म्हणतात मस्करी होती, आणि एकीने मात्र तू लिहिलंयस तसंच्या तसं सांगितलं. पण एकीच्या शब्दावर पंचवीस वर्षांचा माणूस कसा काढू? तुला हवं तर खाली फॉल-अस्तरच्या काउंटरवर बस.

ज्योत्स्ना म्हणाली, महिनाअखेरीपर्यंत येईन, मग नाही.

वर आल्यावर तिने हे सगळं आम्हाला सांगितलं. आवाज चढवला नाही, कुणाला बोल लावला नाही. फक्त म्हणाली, "ती एक कोण होती ते कळलं असतं, तर मला तिचे पाय धरायचे होते." आम्ही सगळ्या साड्यांच्या ढिगाशी खाली वाकलो. बोलणार कोण? दिलीपभाई समोर उभे होते.

शेवटच्या दिवशी ती जिन्याजवळच्या कप्प्यातून आपलं सामान काढत होती. एक डबा, एक कंगवा, मुलींचा फोटो. आसपास कुणी नाही असं बघून मी तिच्याजवळ गेले. माझे डोळे भरून आले होते, ते खोटे नव्हते.

मी म्हटलं, "ज्योत्स्ना, शेठना खरं सांगणारी ती मी होते."

तिने फोटो पिशवीत ठेवला, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "हो ताई. सकाळपासून तुम्ही पाचव्या."