पहिल्या पाण्याचा चहा

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये महिन्यातून एकदा तरी हा वाद निघतो, की दुपारचा चहा बाहेर जाऊन पिणं परवडतं का. मी गेली बावीस वर्षं विज्ञान शिकवते आणि या वादात कायम एकाच बाजूला असायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं मी म्हणायचे. चहा वीस रुपयांचा. त्यासाठी पेट्रोल जाळायचं, सोलापूरच्या उन्हात डोकं तापवून घ्यायचं, आणि मिळणार काय, तर पाणी, दूध, साखर आणि चिमूटभर पावडर. समोरचीने तोंड उघडायच्या आत मी हे सगळं मांडून मोकळी व्हायचे. चिकट म्हणून माझी ख्याती होती आणि मला त्याचं काही वाटायचं नाही.

हल्ली मी त्या वादात पडत नाही. शाळा सुटली की साडेचारला मी एकटी बाहेर चहा प्यायला जाते. बरोबरच्या बायका चिडवतात, बाईंना म्हातारपणी हॉटेलचं वेड लागलं म्हणतात. मी हसून घेते. खरं कारण सांगायचं तर मला आईचं सांगावं लागेल, आणि आईशी मी जे केलं ते सांगावं लागेल.

आई वैरागची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन सोलापुरात शुक्रवार पेठेत आली आणि पुढची पन्नास वर्षं तिनं चहा केला. बाबा कचेरीत कारकून होते, घरी माणसांची ये-जा फार. सकाळी बाबांचा, मग आम्हा भावंडांचा, मग दूधवाला थांबला तर त्याचा, दुपारी कुणी वैरागहून आलं तर त्यांचा. सगळ्यांचे कप गेले की पातेल्यात जो चोथा उरायचा, त्यावर ती पुन्हा पाणी ओतायची, साखरेचा अर्धा चमचा टाकायची आणि ते उकळून ओट्याशी उभ्या उभ्या प्यायची. दूध उरलं असलं तर घालायची, नसलं तर नाही. त्या चहाला रंग असायचा, चव नसायची. लहानपणी मी एकदा तिच्या कपातला घोट घेतला होता आणि थुंकून टाकला होता. तेव्हा ती म्हणाली, "आगं, ह्यो माजा हाय. तुजा पयल्या पाण्याचा तितं ठेवलाय की." पुन्हा मी कधी तिच्या कपाला हात लावला नाही, आणि तो तसा का, हेही विचारलं नाही. बायका असाच चहा पितात असं मला वाटायचं. माझ्या सासूबाईही तसाच प्यायच्या.

चार वर्षांपूर्वी एक दिवस शाळा लवकर सुटली होती. मी स्कूटरवरून घरी निघाले होते. मंगळवार बाजाराच्या अलीकडे सिग्नलला थांबले तर पलीकडून आई चालत येताना दिसली. सत्तरीची बाई, दुपारी चारच्या उन्हात. अंगावर इस्त्रीची साडी, हातात छोटी पर्स. मला वाटलं देवळात निघाली असेल, कारण दुपारी कुठं गेली होतीस म्हटलं की ती देवळाचंच नाव घ्यायची. पण ती देवळाच्या गल्लीत वळली नाही. कोपऱ्यावरच्या एका जुन्या हॉटेलच्या दोन पायऱ्या चढली आणि आत गेली.

मी स्कूटर लावली आणि मागोमाग गेले. दारातून आत बघितलं. शेवटच्या टेबलाशी, भिंतीकडं तोंड करून ती बसली होती. कप समोर आला होता. तिनं तो दोन्ही हातांत धरला होता आणि नुसती बसली होती. कुणाची वाट बघत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती. पंखा डोक्यावर फिरत होता.

मला राग आला. खरं सांगते, आधी राग आला. घरात पावडरीचे दोन डबे भरलेले असताना ही इथं पैसे घालवते, हा एक राग. आणि पेठेतली चार ओळखीची माणसं बसलीयत, कारकुनाची बायको एकटी हॉटेलात, उद्या काय बोलतील, हा दुसरा. मी तिच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घरात चहा मिळत नाही का तुला?"

गल्ल्यावरच्या मालकानं मान खाली घातली. आईनं कप बशीत ठेवला. अर्ध्याहून जास्त चहा शिल्लक होता. तिनं पर्समधून वीस रुपये काढून बशीखाली ठेवले, पदर सारखा केला आणि माझ्याबरोबर बाहेर आली. स्कूटरवर मागं बसल्यावर ती एवढंच बोलली, "चुकलं बाय. आता न्हाय यायची."

आणि ती खरंच पुन्हा गेली नाही. आमची आई एकदा म्हणाली की म्हणाली. मला मात्र वाटलं की आपण छान शिस्त लावली. शिवाय आपण दुष्ट नाही हेही दाखवायचं होतं, म्हणून त्याच आठवड्यात मी तिला दुकानातली महागातली पावडर नेऊन दिली. म्हटलं, घे, हॉटेलपेक्षा भारी चहा घरी पी. पुढच्या रविवारी गेले तर तिनं त्याच पावडरीचा चहा बाबांना दिला, मला दिला, शेजारीण आली होती तिला दिला, आणि चोथ्यावर पाणी ओतून स्वतःचा उकळत ठेवला. मी ते बघितलं. ओट्यापासून मी दोन हातांवर उभी होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. विज्ञानाची शिक्षिका म्हणे.

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. गेली ती झोपेत, कुणाला त्रास न देता.

दहाव्याला घाटावर भाऊ विधीला बसला. तो पुण्याला असतो, माझ्याहून लहान. पिंड मांडले, पिंडाशेजारी तिच्या आवडीचं म्हणून पुरणाची पोळी, भजी, आणि चहा. चहा भावजयीनं घरी करून थर्मासात आणला होता. सगळे मागं सरकले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, सात-आठ तरी असतील. एक खाली उतरला, उड्या मारत पानापर्यंत आला, चहाच्या कपाशी थांबला, मान वाकडी करून बघितलं आणि परत झाडावर गेला. मग कुणीच उतरेना.

आमच्याकडं कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाचं काहीतरी मागं राहिलंय असं धरतात. मग एकेक जण पुढं होऊन शब्द देतो. वैरागचे मामा हात जोडून म्हणाले, "आक्का, दाजींची काळजी करू नगं. आमी हाय की." कावळे हलले नाहीत. भाऊ म्हणाला, "बाबांना एकटं पडू देणार नाही, आई." मावशीनं नातवाच्या लग्नाचं कबूल केलं. मागं कुणीतरी पुटपुटलं, अहेवपणी गेली, भरल्या घरातून गेली, तिचं काय राहणार मागं?

आणि मला कळलं. तिथं उन्हात उभ्या उभ्या मला एकदम कळलं, काय राहिलं होतं ते. त्या थर्मासातला चहा घरचा होता. घरचा चहा ती पन्नास वर्षं प्याली होती. तिला कुणीतरी दुसऱ्यानं केलेला, तिच्यासाठी म्हणून पहिल्या पाण्यात उकळलेला, बसल्या जागी आणून दिलेला चहा हवा होता. तो तिनं शोधून काढला होता आणि मी तो तिच्या हातातून ठेवायला लावला होता.

हॉटेल घाटापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर. किल्ली माझ्या मुठीत होती. मी जाऊन आणू शकत होते. पण मग सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं, की आई देवळात म्हणून जायची ती हॉटेलात जायची. बाबा तिथं खुर्चीवर बसले होते. आणि मी तिला कसं उठवलं तेही सांगावं लागलं असतं. मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "तू बोल की काय तरी. लेक हायस तू." मी पुढं गेले, हात जोडले आणि म्हणाले, "आई, मी सगळं नीट करीन." इतकं पोकळ वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन. कावळे झाडावर बसून राहिले. शेवटी गुरुजी म्हणाले की ऊन वाढतंय, आणि त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

मी वर्गात मुलांना सांगत आले आहे की कावळ्याचं पोट भरलेलं असलं की तो येत नाही, यात दुसरं काही नसतं. आजही तेच सांगते, आणि ते खरं आहे याबद्दल मला शंका नाही. पण मधल्या सुट्टीत मुलांच्या डब्यांसाठी कावळे खिडकीत येऊन बसतात, तेव्हा मी पाठ फिरवून बसते. त्यातला एखादा मान वाकडी करून बघतो. मला ते सहन होत नाही. घरी चहाचं पातेलं विसळताना चोथ्याचा वास आला की कुणीतरी मागं ओट्याशी उभं आहे असं वाटतं. मी वळून बघत नाही. मला भीती वाटते, आणि ती भुताची नाही हे मला चांगलं माहीत आहे.

तेराव्यानंतर आठवड्यानं मी त्या हॉटेलात गेले. मालक तेलुगू आहेत, पूर्वी त्यांच्या घरी माग होते. त्यांनी मला ओळखलं. मी विचारलं की आई किती दिवस येत होती. ते म्हणाले, "अम्मा पाच-सहा वर्षं तरी येत होत्या, आठवड्यातून दोनदा. पहिल्या दिवशीच विचारल्या, चहा झाल्यावर थोडा वेळ बसले तर चालेल का. मी म्हटलं, बसा की अम्मा. पण कधी पंधरा मिनिटांच्या वर बसल्या नाहीत." त्या दिवशीचं ते काही बोलले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मी त्या शेवटच्या टेबलाशी बसले आणि चहा मागवला. चहा ठीक होता. खरं तर साखर जरा जास्तच होती.

तेव्हापासून मी रोज जाते. वीस रुपयांचा चहा परवडतो का, हे मला आता कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. चव म्हणाल तर नाही परवडत. पण ती पंधरा मिनिटं भिंतीकडं तोंड करून बसले की मला माझा त्या दिवशीचा आवाज ऐकू येतो, आणि तो ऐकायला जागा म्हणून मी पैसे देते. तिथं बसून मी अनेकदा मनाशी माफी मागितली. ऐकणारं कुणी नसताना माफी मागणं सोपं असतं.

भाऊ पुण्याला परत गेला. बाबा शुक्रवार पेठेतच राहिले. हॉटेलातून उठले की मी त्यांच्याकडं जाते, भाजी चिरून ठेवते आणि मग घरी. गेल्या महिन्यात ते म्हणाले, "रोज शाळेतून यायला इतका उशीर कसा होतो?" मी सांगून टाकलं, की वाटेत चहाला थांबते. म्हटलं आता रागावतील, चिकटपणा मला त्यांच्याकडूनच आलाय. तर ते म्हणाले, "उद्या मलाही ने."

दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षानं नेलं. दोन पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला. आत गेल्यावर मी त्यांना दारापाशी बसवत होते, तर माझा हात सोडवून ते सरळ शेवटच्या टेबलाशी गेले आणि बसले. मी बघतच राहिले.

"इथं बसायची ती," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे. देवळात गेलेलं माणूस कपाळाला कुंकू-बुक्का लावून येतं. ही यायची ती चहाचा वास घेऊन. एकदा मी मागं मागं आलो. दारातून बघितलं. बसली होती अशी, कप धरून. घरात तिला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मग मी परत गेलो."

चहा आला. मी विचारलं, "तिला कधी बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तिनं येणं सोडलं असतं. तुझी आई तशीच होती." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, पण प्याले नाहीत. "आणि तरी एक दिवस सोडलंच तिनं. मी दुपारी वाट बघायचो, की आज उठेल, आज साडी बदलेल. एकदा मीच म्हटलं, जाऊन ये ना देवळात. तर म्हणाली, गुडघे दुखत्यात. गुडघे तिचे दुखत नव्हते." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुला काही बोलली होती का ती? का सोडलं ते?"

मी म्हणाले, "नाही."

बाबांनी बराच वेळ मान हलवली. "मग माझंच काहीतरी चुकलं असणार," ते म्हणाले. "मी मागं आलो होतो ते तिनं बघितलं असेल."

मी त्यांच्यासमोर बसले होते. मी काही बोलले नाही.