बर्फाचा डबा

आमच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट काका रोज खाप्याहून नागपूरला येतात. काही सांगायचं असलं की आधी हात पुसतात.

उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतला वाढता मज्जातंतू मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवला होता. “हे टोक तर वाट चाचपून राहिलं, मॅडम!” त्या टोकातली प्रथिनं दिवसागणिक कशी बदलतात, हे शोधणं माझं काम.

एकदा पाच दिवसांच्या पिल्लांच्या नमुन्यांत एक प्रथिन जवळपास नाहीसंच झालेलं दिसलं. मी हरखून शोधनिबंध लिहायला घेतला. काका हात पुसत आले.

“मॅडम, त्या दिवशी मी डब्यात बर्फ टाकाले भुललो. नमुने तसेच पडून होते.”

त्यांची नोकरी कंत्राटी.

बर्फाविना प्रथिनं नासतात; मी नमुने पुन्हा केले, या वेळी बर्फात ठेवून. प्रथिन जागच्या जागी होतं.

आता बर्फ भरला की ते मला डबा उघडून दाखवतात. मी बघत नाही.