हसवणारे डॉक्टर गप्प झाले तेव्हा

फुलचूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर दर रविवारी रेडिओवर विज्ञान सांगतात. उचकी का लागते, पोट का गुरगुरतं, असलं काहीबाही. सांगताना ते रुसलेल्या जावयाच्या सुरात पोटाचा आवाज काढतात आणि ऐकणारे पोट धरून हसतात. त्यात नुकसान एवढंच झालं, की दवाखान्यातही त्यांचं बोलणं कुणी खरं मानेना. 'साखर सोडा' म्हटलं तरी पेशंट टाळी द्यायला हात पुढे करतात.

मध्यंतरी मी आईच्या गोळ्या लिहून घ्यायला गेलो होतो. तिरोड्याकडचे एक म्हातारे छाती चोळत आत गेले. दार उघडंच होतं. ईसीजी पाहून डॉक्टर म्हणाले, "काका, हा हार्ट अटॅक आहे. आत्ताच भरती व्हावं लागेल."

म्हातारे खुदखुदले. बाहेरचेही हसले.

"मजाक नाही करून राहिलो, काका."

त्यावर आणखी मोठा हशा झाला. मीही हसलो.

मग डॉक्टरांनी बोलणंच सोडलं. म्हाताऱ्यांना एक गोळी चघळायला दिली आणि मला खुणेनं बोलावलं. आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून डॉक्टरांच्या गाडीपाशी नेलं. म्हातारे मुकाट्यानं गाडीत बसले.

ते वाचले. परवा तपासून घ्यायला दवाखान्यात आले तेव्हा मी विचारलं, "काका, त्या दिवशी एकदम कसे तयार झाले?"

"डॉक्टर बोलून राहिले होते तवरी मले वाटे, रेडिओच चालू आहे," ते म्हणाले. "चूप झाले, तवा भेव लागला."