चंद्राकाकू वाचायच्या, तात्या शिवायचे

शिराळ्याच्या पेठेत ज्ञानूतात्यांचं शिलाईचं दुकान आहे. तात्या मशीन चालवायचे आणि त्यांच्या पत्नी चंद्राकाकू शेजारी स्टुलावर बसून ग्रंथालयातली कादंबरी मोठ्यानं वाचायच्या. मापं द्यायला आलेल्या बायका प्रकरण संपेपर्यंत हलत नसत. मला वाचनाची गोडी तिथंच लागली.

दिवाळीनंतर काकूंना अर्धांगवायू झाला. पाय सावरले, वाचा मात्र परतली नाही. तरी त्या रोज दुकानात येतात आणि पुस्तक उघडून ओठ हलवत बसतात.

काल तात्यांनी मला हाक मारली. लग्नाचे ब्लाउज अडून राहिले होते.

"तू वाच गड्या. ऐकल्याबिगर हात चालंना. मोबाईल लावून बगितला, त्यो लय कोरडा बोलतोय."

"आवं, पण काकू..."

"ती काय म्हणतीया आता?"

त्यांनी काकूंच्या मांडीवरचं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं. मी वाचू लागलो. मशीन धडधडायला लागलं. काकूंनी अर्धं पान ऐकलं. मग उठल्या, चपला घातल्या आणि भिंतीला धरून पायरी उतरल्या.

मी थांबलो. "तात्या, काकू गेल्या."

"बगितलं मी," ते मान वर न करता म्हणाले. "म्होरं वाच."