रिकामी गाडी

माझे धाकटे दीर प्लंबर आहेत. मागे कुणीतरी त्यांच्या व्हॅनची काच फोडून एक पिशवी पळवली. आत होता फक्त मळका शर्ट. तेव्हापासून भाऊजी रोज संध्याकाळी झाडून सारी हत्यारं तिसऱ्या मजल्यावर घरी आणतात, आणि गाडीत काही नाही हे चोराला दिसावं म्हणून पुढचा खण मुद्दाम उघडा ठेवतात.

आज त्यांचा गुडघा सुजला होता. मी जुनी चादर घेऊन खाली गेले. "भाऊजी, एक दिवस राहू द्या गाडीतच. वरून ही टाकू."

"वहिनी, झाकलेलं दिसलं की चोराला वाटणार खाली खजिना आहे. हत्यारं गेली तर उद्या नळ काय दातांनी उघडू?"

मी हत्यारांच्या पेटीची एक कडी धरली, दुसरी त्यांनी. प्रत्येक मजल्यावर टेकत घरी पोचलो. पाय लांब करून ते बसले आणि लगेच दचकले. "वहिनी, चादर कुठाय?"

ती सीटवरच राहिली होती. ते भिंतीला धरून उठू लागले.

"बसा हो," म्हटलं, आणि कंबरेवर हात ठेवून मीच पुन्हा जिना उतरू लागले.