ओनेझीम ज्युमो यांची रजा

मॉरिशसच्या उत्तरेकडल्या माहे बेटावर रजेचा हक्क सगळ्यांनाच होता. फक्त ती साहेब लोक घेत. महिन्याची बोट लागली की कुणीतरी साहेब सहा-आठ महिन्यांसाठी विलायतेला जाई, आणि त्याच्या खुर्चीत ओनेझीम ज्युमो बसत. मूळ नेमणूक खजिन्यातल्या दुय्यम कारकुनाची. पण त्या जागेवर त्यांना फार थोड्या लोकांनी पाहिलं होतं. साहेबाचा अर्धा पगार त्याच्या मागोमाग विलायतेला जाई, उरलेल्या अर्ध्यातला काही हिस्सा ज्युमोंना मिळे आणि बाकीचा सरकारचा वाचे. साहेब जितका लांब, तितका तो सरकारला स्वस्त पडत असे.

ज्युमो पोस्टमास्तर झाले, जमीनमोजणी खात्याचे प्रमुख झाले. पोहता येत नसताना बंदराचे अधिकारी झाले. तुरुंगाचे अधीक्षक झाले तेव्हा कैद्यांनी त्यांना कायम करा म्हणून अर्ज केला होता. सरकारने अर्जदारांची योग्यता पाहून तो फेटाळला. नवी खुर्ची मिळाली की ज्युमो आधी तिच्यावरची साहेबाची उशी काढून कपाटात ठेवत आणि स्वतः खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसत. साहेब परतायच्या सकाळी उशी जागेवर जाई. ते पाठ टेकून बसलेत असं मी कधी पाहिलं नाही.

बाजाराच्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. समोरच मादाम ज्युस्तीनची मासळीची पाटी असे. तिचा प्रश्न ठरलेला.

“या महिन्यात तुम्ही कोण, मस्यू ओनेझीम?”

“तुरुंग.”

“मग आमच्या जावयाचं काहीतरी बघा.”

“तो आत कुठाय?”

“नाही ना. तेच म्हणते, आत घ्या. घरी बसून खातोय नुसता.”

मग ती तांबोशीचे दोन तुकडे पानात बांधून देई. एक आजचा, एक उद्याचा. ज्युमोंच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. मुलगी चार वर्षांची असताना बायको वारली. कुठल्या तरी जागेवर कायम झालो की घर मांडू आणि एर्मिनला परत आणू, असं म्हणून त्यांनी पोरीला मॉरिशसला तिच्या मावशीकडे पाठवलं. दर बोटीने खर्चाचे रुपये जात. जागा बदलत राहिल्या, एर्मिन मोठी होत राहिली, आणि एके दिवशी तिचं लग्न ठरलं. पपांनी यावं, चर्चमध्ये वेदीपर्यंत हात धरून न्यावं, असं तिनं स्वतः लिहिलं होतं.

योग असा की त्याच सुमारास खजिनदार पेनरोजसाहेब रजेवर गेले आणि ज्युमो खजिनदार झाले. दुय्यम कारकुनाची रजा खजिनदाराने मंजूर करायची असते. ज्युमोंनी कारकुनाच्या टेबलाशी बसून अर्ज लिहिला आणि शिपाई सिल्वेस्त्रच्या हाती दिला. सिल्वेस्त्रनं तो आतल्या खोलीत नेऊन ठेवला नि बाहेर आला.

“साहेब आत नाहीत,” तो म्हणाला.

“येतील,” असं म्हणून ज्युमोंनी कोट चढवला आणि आत गेले.

अर्जावर खात्याच्या प्रमुखाने एक गोष्ट नोंदवायची असते: या माणसाच्या जागी कोण बसणार? तिथे गाडं अडलं. सगळ्यांच्या जागी बसणाऱ्याच्या जागी बसायला माणूस ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. ज्युमो गव्हर्नरांचे सचिव हॅलिवेल यांच्याकडे गेले.

“अहो, प्रमुख तुम्ही. मला कशाला विचारता?” हॅलिवेल म्हणाले. “हवी तर घ्या, नको तर राहू द्या.”

ही गोष्ट सिल्वेस्त्रमार्फत बाजारात पोहोचली.

“सही करताना हात दुखतो का तुमचा?” ज्युस्तीन म्हणाली. “इकडे आणा कागद, मी अंगठा उठवते.”

बोट लागली. दुसऱ्या दिवशी ती मॉरिशसला सुटायची होती. संध्याकाळी नेहमीप्रमाणे ज्युमो माझ्याकडे डॉमिनो खेळायला आले. बॅग भरली का, असं मी विचारलं.

“नामंजूर केली,” ते म्हणाले.

“स्वतःची?”

“बदली माणूस नाही.”

“धाकट्या कारकुनाला बसवा की तीन आठवडे. खजिना काय पळून जातोय?”

त्यांनी हातातल्या सोंगट्या पालथ्या घातल्या.

“खजिन्याला काय होतंय. गास्तोंचं काय?”

गास्तों म्हणजे एर्मिनच्या मावशीचे यजमान. तिकडे साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर असतात.

“तिला शाळेसाठी बूट कुणी घेतले? गोवराच्या तापात उशाशी कोण बसलं? इतकी वर्षं त्या जागेवर तो आहे. मूळ नेमणूक माझी, पण मी रजेवर. आता मी काळा सूट घालून बोटीतून उतरलो की तो उठेल. वर हसून म्हणेल, या, बसा.”

“पोरीनं तुम्हाला बोलावलंय.”

“बोलावणारच. नियम तसा आहे.”

“गास्तोंना विचारून तरी बघायचं.”

“विचारलं तर तो उठलाच समजा,” ज्युमो म्हणाले. “मी इतक्या वेळा उठलोय. एकदाही कुणी म्हणालं नाही, अहो, राहू द्या, बसा.”

त्यांनी खिशातून एर्मिनसाठी लिहिलेला मजकूर काढला. रजा मिळाली नाही, तेव्हा गास्तोंनी माझ्या वतीनं तुझा हात धरावा, असं त्यात होतं.

“‘माझ्या वतीनं’ ठेवू की नको?”

“नको,” मी म्हटलं.

त्यांनी तेवढे शब्द खोडले आणि मग सगळं स्वच्छ उतरवून काढलं.

बोट गेली. ज्युमोंना रजा मिळाली नाही म्हणून गावानं सरकारला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या महिन्यात सरकार म्हणजे तेच होते, त्यामुळे त्या अगदी नेमक्या जागी पोहोचल्या.

लग्नाच्या शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी खजिन्यात काम केलं. मग माझ्या दुकानात येऊन बाकावर बसले. ज्युस्तीननं भात, मसुराची डाळ आणि तळलेली तांबोशी पाठवली होती, दोघांपुरती. पैसे घेतले नव्हते आणि चेष्टाही केली नव्हती.

“तिथली वेळ आपलीच ना?” ज्युमोंनी विचारलं.

“आपलीच.”

“म्हणजे आता चर्चमधून बाहेर पडले असतील. फोटो काढत असतील.”

“असतील.”

“नवरीच्या शेजारी कोण उभं राहील?”

“गास्तों.”

“हं,” ते म्हणाले आणि ताट पुढे ओढलं.